नवं पॅकेज मागितलं, पण येत नाही: विनंती कुठे अडली ते कसं शोधायचं

लक्षण बहुतेक वेळा सारखंच असतं. हवं ते सॉफ्टवेअर आपल्या लिनक्स डिस्ट्रोच्या रेपोत (पॅकेजांच्या साठ्यात) सापडलं नाही, म्हणून विनंतीचं तिकीट टाकलं. त्यावर महिनोन्‌महिने कुणी काही बोलत नाही, नाहीतर ‘डुप्लिकेट’ किंवा ‘वोन्टफिक्स’चा (करणार नाही) शिक्का बसून ते दोन दिवसांत बंद होतं. मग तीच मागणी नव्या तिकिटात, जरा चढ्या आवाजात. तिचंही तेच होतं.

तिकीट वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं की कारण कळतं. डेबियन, आर्च, व्हॉइड या डिस्ट्रोंची पॅकेजं सांभाळणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत, फेडोरातलेही पुष्कळ. एक पॅकेज आत घेतलं की त्याची प्रत्येक नवी आवृत्ती, सुरक्षेची प्रत्येक दुरुस्ती आणि एखादी लायब्ररी बदलली की मोडणारं बिल्ड, हे सगळं पुढची काही वर्षं गळ्यात पडतं. त्यामुळे विनंती वाचताना मेंटेनर मनात एकच हिशेब मांडतो: हे अंगावर घेतलं तर काम किती? तिकिटात त्याचं उत्तर नसलं तर तो पुढच्या तिकिटाकडे वळतो. अडलेली विनंती सोडवायची म्हणजे हा हिशेब त्याच्यासाठी आपण करून द्यायचा, आणि कधीकधी तो करताना लक्षात येतं की मागणी पुरी होण्यासारखी नव्हतीच.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच द्यायच्या.)

आधी हे पाहा: पॅकेज खरंच नाही का?

बंद होणाऱ्या विनंत्यांत ‘हे आधीच आहे’ हे कारण वरचेवर दिसतं. प्रोग्रॅमचं नाव, आज्ञेचं नाव आणि पॅकेजचं नाव ही तीन वेगवेगळी नावं असू शकतात. ‘एजी’ ही शोधाची आज्ञा डेबियनमध्ये ‘सिल्व्हरसर्चर-एजी’ या पॅकेजात आहे, तर आर्च आणि फेडोरात तेच ‘द_सिल्व्हर_सर्चर’. ‘डिग’ हवं असेल तर डेबियनमध्ये ‘बाइंड९-डीएनएसयुटिल्स’, फेडोरात ‘बाइंड-युटिल्स’, आर्चमध्ये नुसतं ‘बाइंड’. कधी उलटंही होतं: पॅकेज बसतं, पण आज्ञा सापडत नाही. डेबियनमध्ये ‘एफडी’ हा प्रोग्रॅम ‘एफडी-फाइंड’ नावाने येतो आणि आज्ञा ‘एफडीफाइंड’ होते, ‘बॅट’ची आज्ञा ‘बॅटकॅट’ होते, कारण मूळ नावं दुसऱ्या पॅकेजांनी आधीच घेतलेली होती.

म्हणून नावाने शोधून थांबू नका, फाइलने शोधा. डेबियन-उबुंटूवर ‘ॲप्ट-फाइल’ बसवून ‘ॲप्ट-फाइल अपडेट’ आणि मग ‘ॲप्ट-फाइल सर्च बिन/डिग’. फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ आणि पुढे अवतरणात ‘*/डिग’. आर्चवर एकदा ‘पॅकमन -एफवाय’ आणि मग ‘पॅकमन -एफ डिग’. लायब्ररी शोधत असाल तर डेबियनच्या नावांची पद्धत माहीत असावी: पायथनचं मॉड्यूल ‘पायथन३-’ने सुरू होतं, पर्लचं ‘लिब’ने सुरू होऊन ‘-पर्ल’ने संपतं, रस्टचं क्रेट ‘लिबरस्ट-’ने सुरू होऊन ‘-डेव्ह’ने संपतं, नोडचं मॉड्यूल ‘नोड-’ने सुरू होतं.

नाव मिळालं तरी ते तुमच्या यंत्रावर दिसेलच असं नाही. ‘आरमॅडिसन’ ही आज्ञा (‘डेव्हस्क्रिप्ट्स’ पॅकेजात येते) कुठल्या शाखेत कुठली आवृत्ती आहे आणि ती कोणत्या आर्किटेक्चरसाठी (प्रोसेसरच्या जातीसाठी) बांधली आहे ते एका ओळीत सांगते. पॅकेज फक्त एएमडी६४ साठी असेल आणि तुमचा बोर्ड एआरएमचा असेल, तर तो नव्या पॅकेजचा प्रश्नच नाही, असलेल्या पॅकेजवरचा बग आहे. तसंच घटकाचं, म्हणजे रेपोच्या विभागाचं. डेबियनमध्ये ‘नॉन-फ्री’ किंवा ‘कॉन्ट्रिब’ सुरू नसेल, उबुंटूत ‘युनिव्हर्स’ बंद असेल, रेड हॅटच्या घराण्यात ‘एपेल’ आणि ‘सीआरबी’ हे जादा पॅकेजांचे रेपो लावलेले नसतील, तर पॅकेज असून नसल्यासारखं. डेबियन १२ पासून फर्मवेअर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या घटकात गेलं. जुन्या पद्धतीची सोर्सेस फाइल तशीच वापरणाऱ्यांना ‘माझ्या वायफायचं पॅकेज काढून टाकलं’ असं वाटतं ते यामुळे.

अल्पाइनमध्ये नवं पॅकेज आधी ‘टेस्टिंग’ रेपोत येतं आणि तो रेपो फक्त ‘एज’ शाखेत असतो, त्यामुळे स्थिर आवृत्तीवर ‘एपीके ॲड’ म्हणणार की सापडत नाही. फ्रीबीएसडीचा घोळ याच जातीचा: रिलीज आवृत्त्यांवर ‘पीकेजी’ मुळात तिमाही शाखा वापरतं, ती जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात कापली जाते. नवा पोर्ट मे महिन्यात आला तर ‘क्वार्टरली’वर तो जुलैपर्यंत दिसणार नाही, ‘लेटेस्ट’वर आधीच असेल.

आणि सगळ्यांत सोपी तपासणी: ‘रिपॉलॉजी’ या साइटवर प्रोग्रॅमचं नाव टाका. तो कोणत्या डिस्ट्रोत, कोणत्या नावाने, कितव्या आवृत्तीला आहे ते एका पानावर दिसतं. तिथे दहा डिस्ट्रोंत हिरव्या पट्ट्या दिसत असतील तर तुमच्या विनंतीला चांगला आधार मिळाला. कुठेच नसेल, तर तेही काहीतरी सांगतंय.

पॅकेज आहे, पण जुनं आहे

ही नव्या पॅकेजची विनंती नव्हे. ती त्या रांगेत टाकली की बंद होणार. डेबियनमध्ये नवी आवृत्ती हवी असेल तर त्याच पॅकेजवर ‘विशलिस्ट’ तीव्रतेचा बग टाकायचा आणि विषयात ‘न्यू अपस्ट्रीम व्हर्जन’ असं स्पष्ट लिहायचं. स्थिर शाखेवर नवी आवृत्ती हवी असेल तर ‘बॅकपोर्ट’ (नवी आवृत्ती स्थिर शाखेसाठी बांधून देणं) मागायचा. पॅकेज टेस्टिंगमध्ये (पुढच्या आवृत्तीच्या शाखेत) पोचल्याशिवाय बॅकपोर्ट होत नाही, त्यामुळे ते आधी तपासा. बॅकपोर्ट आहे का हे कित्येक जण पाहतच नाहीत: ‘ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स’ची ओळ सोर्सेसमध्ये घालून ‘ॲप्ट इन्स्टॉल -टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स’ आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढंच काम असतं. आर्चमध्ये पॅकेजच्या पानावर ‘आउट ऑफ डेट’ची खूण करायची सोय आहे, वेगळं तिकीट नको.

एपेलचंही असंच. फेडोरात असलेलं पॅकेज रेड हॅटच्या घराण्यात हवं असेल तर त्याच पॅकेजच्या नावावर बगझिलात (फेडोराच्या बग ट्रॅकरमध्ये) ‘एपेल ९ साठी ब्रँच करून बांधाल का’ अशी विनंती जाते. मात्र रेड हॅटने स्वतः दिलेलं पॅकेज एपेल बदलून देत नाही. तिथे ‘याची नवी आवृत्ती एपेलमध्ये द्या’ या मागणीचं उत्तर ठरलेलं आहे.

दार चुकलं

प्रत्येक डिस्ट्रोत मागणीचं दार वेगळं, आणि काही ठिकाणी दारच नाही.

डेबियनमध्ये ‘डब्ल्यूएनपीपी’ नावाचं एक आभासी पॅकेज बग ट्रॅकरमध्ये आहे. नव्या पॅकेजची विनंती म्हणजे त्यावरचा ‘आरएफपी’ (रिक्वेस्ट फॉर पॅकेज) प्रकारचा बग. कुणी ते काम हातात घेतलं की त्याचा ‘आयटीपी’ (इन्टेंट टू पॅकेज) होतो. अनाथ झालेल्या पॅकेजला ‘ओ’, मदत हवी असेल तर ‘आरएफएच’. हे सगळे एकाच यादीत असल्यामुळे आधी ‘डब्ल्यूएनपीपी-चेक’ आणि पुढे नाव अशी आज्ञा चालवली (हीही डेव्हस्क्रिप्ट्समध्येच) की कुणी आधी मागितलंय का ते लगेच कळतं.

उबुंटूवर असाल तरी बहुतेक वेळा खरं दार डेबियनचंच. उबुंटू आपली बहुतांश पॅकेजं डेबियन अनस्टेबलमधून (नवी पॅकेजं आधी जिथे येतात त्या शाखेतून) उचलते आणि ‘डेबियन इम्पोर्ट फ्रीझ’पर्यंत हे आपोआप चालतं. लाँचपॅडवर (उबुंटूच्या बग ट्रॅकरवर) ‘नीड्स-पॅकेजिंग’ खुणेचा बग टाकता येतो, पण तिथे टाकून वाट पाहण्यापेक्षा डेबियनमध्ये पॅकेज आलेलं केव्हाही बरं. आधीच प्रसिद्ध झालेल्या उबुंटू आवृत्तीत नवं पॅकेज सहसा येत नाही, पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागते.

फेडोरात नुसत्या इच्छेला फारशी जागा नाही. बगझिलात ‘पॅकेज रिव्ह्यू’ या घटकात जे तिकीट जातं त्यात स्पेक फाइलचा (पॅकेज बांधायच्या कृतीचा) आणि सोर्स आरपीएमचा दुवा लागतो, म्हणजे पॅकेज बनवूनच न्यायचं. पण विनंतीदाराला इथे एक वाट आहे: जुनी ‘रिव्ह्यू रिक्वेस्ट’ शोधायची. अर्ध्यावर सोडलेल्या परीक्षणांना ‘एफई-डेडरिव्ह्यू’ची खूण असते. तिथली स्पेक फाइल कुणी नव्याने उचलली तर निम्मं काम झालेलं असतं. पॅकेज पूर्वी होतं आणि निवृत्त झालं असेल तर त्याच्या सोर्स रेपोत ‘डेड.पॅकेज’ नावाची फाइल सापडते आणि कारण तिच्यात लिहिलेलं असतं. निवृत्तीला आठ आठवडे उलटले की परीक्षण पुन्हा पहिल्यापासून.

आर्चच्या बग ट्रॅकरवर पॅकेज मागू नका. तिथे ‘एयूआर’ (वापरकर्त्यांनी दिलेल्या पॅकेज-कृतींचा साठा) आहे, आणि एयूआरमधून मुख्य ‘एक्स्ट्रा’ रेपोत जायला कुणा पॅकेज मेंटेनरला त्यात रस असावा लागतो, शिवाय १० मतं किंवा ‘पीकेजीस्टॅट्स’वर (पॅकेजांचा वापर मोजणाऱ्या साधनावर) १ टक्का वापर हा साधारण निकष. म्हणजे तिथे मत देणं आणि पीकेजीस्टॅट्स चालू ठेवणं हीच विनंती.

व्हॉइडचा नियम सगळ्यांत रोखठोक आहे आणि तो न वाचताच मागण्या येतात. नव्या थीम जवळपास नाहीतच, साध्या शेल स्क्रिप्ट सहसा नाहीत, क्रिप्टोकरन्सीची पॅकेजं नाहीत, क्रोमियम किंवा फायरफॉक्सच्या फांद्या (फोर्क) सहसा नाहीत. यातलं काही मागणार असाल तर तिकीट न लिहिलेलं बरं.

फ्लॅटहबवर (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या फ्लॅटपॅक ॲपांच्या साठ्यावर) ‘अमुक ॲप आणा’ अशी मागणी चालत नाही. तिथे कुणीतरी मॅनिफेस्ट (बांधणीची कृती) बनवून पुल रिक्वेस्ट द्यावी लागते. ती मूळ प्रोग्रॅमच्या लेखकांनीच दिली तर पुढचा त्रास वाचतो, म्हणून मागणी त्यांच्याकडे न्या.

तिकीट योग्य दारात आहे, तरी शांतता

इथे तिकिटाचा मजकूर पाहायचा. डेबियनचं उदाहरण घेऊ, कारण त्याचा साचा इतरत्रही उपयोगी पडतो. टर्मिनलवर ‘रिपोर्टबग डब्ल्यूएनपीपी’ म्हटलं की तो प्रकार विचारतो, ‘आरएफपी’ निवडायचं, मग नाव आणि एका ओळीचं वर्णन. विषय असा बनतो (‘टिपणवही’ हा उदाहरणापुरता कल्पित प्रोग्रॅम, प्रत्यक्षात सगळं इंग्रजीत):

आरएफपी: टिपणवही -- टर्मिनलमधून शोधता येणाऱ्या नोंदींची वही

मधल्या दोन आडव्या रेघा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा जशीच्या तशी ठेवायची, कारण यादी बनवणाऱ्या स्क्रिप्ट त्यावरूनच नाव आणि वर्णन वेगळं करतात. वर्णन ८० अक्षरांच्या आत, त्यात पॅकेजचं नाव पुन्हा नको, शेवटी पूर्णविराम नको. ‘अतिवेगवान’, ‘आधुनिक’, ‘सुंदर’ ही विशेषणं काढून टाका. वाचणाऱ्याला ती खटकतात आणि माहिती शून्य देतात. पॅकेजचं नाव लहान लिपीत, अंक, अधिक, वजा आणि टिंब एवढीच चिन्हं चालतात.

आतले रकाने: आवृत्ती, मूळ लेखक, संकेतस्थळ, लायसन्स, प्रोग्रॅमिंगची भाषा, सविस्तर वर्णन. इथपर्यंत सगळे भरतात. खरं वजन त्यानंतरच्या चार-पाच वाक्यांना असतं आणि ती बहुतेक तिकिटांत नसतात:

याच कामाचं कोणतं पॅकेज डेबियनमध्ये आधीच आहे आणि ते का पुरत नाही. (‘आवडत नाही’ हे कारण नव्हे. ‘ते डेटाबेस कुलूपबंद ठेवतं, त्यामुळे दोन यंत्रांवरून वापरता येत नाही’ हे कारण.)

कोणत्या डिपेंडन्सी (प्रोग्रॅमला लागणारी इतर पॅकेजं) डेबियनमध्ये आहेत आणि कोणत्या नाहीत, नावानिशी.

स्वच्छ अनस्टेबलमध्ये हाताने बांधून पाहिलं का, कुठे अडलं.

पॅकेज झालं तर चाचणी घ्यायला कोण तयार आहे.

दुसरा मुद्दा सगळ्यांत मोलाचा, आणि तो अंदाजाने लिहायची गरज नाही. रस्टच्या प्रोग्रॅमसाठी ‘कार्गो-डेबस्टेटस’ हे साधन सगळं डिपेंडन्सीचं झाड उलगडून प्रत्येक क्रेट डेबियनमध्ये आहे का ते दाखवतं. गोसाठी ‘डीएच-मेक-गोलँग एस्टिमेट’. नोडसाठी ‘एनपीएम२डेब डिपेंड्स’. याचा निकाल तिकिटात चिकटवला की वाचणाऱ्याला काम दोन संध्याकाळींचं आहे की दोन वर्षांचं, ते लगेच दिसतं.

हा आकडा इतका का महत्त्वाचा? डेबियनमध्ये बिल्ड चालू असताना इंटरनेट नसतं. ‘कार्गो’ किंवा ‘एनपीएम’ला बांधताना चार गोष्टी उतरवून घ्यायची सवय असते, ती इथे चालत नाही; प्रत्येक लायब्ररी आधी स्वतंत्र पॅकेज म्हणून आत असावी लागते. ४० क्रेट गहाळ असतील तर तुमची एक विनंती प्रत्यक्षात ४१ विनंत्या आहेत. आर्चमध्ये हीच डिपेंडन्सी बिल्डच्या तयारीच्या टप्प्यात उतरवता येते. म्हणून तोच प्रोग्रॅम आर्चमध्ये आठवड्यात येतो आणि डेबियनमध्ये वर्षानुवर्षं येत नाही, आणि त्यावरून डेबियनच्या लोकांना आळशी म्हणण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रॉनवर (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायच्या पायावर) चालणाऱ्या प्रोग्रॅमची तर बातच सोडा: खुद्द इलेक्ट्रॉनच डेबियनच्या रेपोत नाही. अशा विनंतीसाठी फ्लॅटपॅक हेच उत्तर.

लायसन्सवर अडलेली विनंती

हे अडलं की मेंटेनरची इच्छा असूनही काही होत नाही.

सोर्सच्या रेपोत लायसन्सची फाइलच नसेल तर तो कोड ‘फुकट’ दिसत असला तरी कायद्याने सर्व हक्क लेखकाकडेच आहेत, कुणालाच तो वाटता येत नाही. उपाय डिस्ट्रोकडे नाही. मूळ लेखकाकडे एक नम्र नोंद टाका: लायसन्स फाइल घालाल का, डिस्ट्रोत घेण्यासाठी लागते. लेखक एकटा असेल तर पाच मिनिटांचं काम. वीस जणांनी कोड दिला असेल तर प्रत्येकाची संमती लागू शकते, त्यामुळे हे जितकं लवकर तितकं चांगलं.

‘व्यापारी वापर नाही’ अशी अट असलेला कोड डेबियनच्या मुख्य विभागात बसत नाही. ‘हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको’ अशी ओळ असलेलं जेसनचं प्रसिद्ध लायसन्सही त्याच कारणाने नाकारलं जातं, कारण वापरावर बंधन आलं. खेळांत कोड जीपीएलचा आणि चित्रं-आवाज मात्र अव्यापारी अटीचे, हे वारंवार होतं. तिकिटात कोड आणि डेटा यांचं लायसन्स वेगळं लिहा.

होतं ते पॅकेज गेलं, असं झालं असेल तर आधी लायसन्सचा इतिहास बघा. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये एसएसपीएल हे लायसन्स घेतलं. डेबियन आणि फेडोराने ते बाहेर ठेवलं. रेडिसने मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदलल्यावर त्याच महिन्यात ‘व्हॅल्की’ ही फांदी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली निघाली, आणि फेडोरा ४१ मध्ये रेडिसच्या जागी व्हॅल्की आलं. पुढे मे २०२५ मध्ये रेडिस ८ ला एजीपीएल ३ या मुक्त लायसन्सचा पर्याय मिळाला. अशा प्रकरणांत जुनं नाव मागत बसण्यापेक्षा फांदीचं नाव शोधणं कामाचं.

काढून टाकलेल्या पॅकेजांची दुसरी मोठी टोळी म्हणजे जुन्या पायावर उभी असलेली. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, क्यूटी ४ डेबियनमधून गेलं. यांवर बसलेला प्रोग्रॅम मूळ लेखकाने नव्या पायावर आणेपर्यंत परत येणार नाही. डेबियनच्या ‘पॅकेज ट्रॅकर’ पानावर काढण्याचं कारण ‘आरएम’ने सुरू होणाऱ्या बगमध्ये मिळतं. परत आणायची विनंती करताना त्या बगचा नंबर द्या आणि ते कारण आता का उरलं नाही ते लिहा. नाहीतर पहिलाच प्रश्न तोच येणार.

मूळ प्रकल्पच तयार नसतो तेव्हा

आवृत्त्यांचे टॅग नाहीत, सगळं ‘मेन’ शाखेवरच चालतं. फक्त ॲपइमेज (एका फाइलीतलं तयार ॲप) मिळते, सोर्समधून बांधायची कृती नाही. रेपोत आकसलेली जावास्क्रिप्ट आहे, पण ती ज्यातून बनली तो कोड नाही. प्रोग्रॅम सुरू होताच स्वतःला अपडेट करायला जातो. यातलं प्रत्येक मेंटेनरला डोकेदुखी आहे आणि प्रत्येक मूळ प्रकल्पातच सुटतं. डिस्ट्रोकडे जाण्याआधी तिथे नोंदी टाका. ‘आवृत्तीला टॅग द्या’ आणि ‘अपडेट बंद करायचा पर्याय बिल्डमध्ये द्या’ या दोन मागण्या बहुतेक लेखक आनंदाने मान्य करतात.

कुणीतरी घेतलं, आणि तरी पॅकेज नाही

आरएफपीचा आयटीपी झाला म्हणजे पॅकेज आलं असं नाही. सहा-आठ महिने हालचाल नसेल तर त्याच बगवर विचारा: काम कुठवर आलं, मदत हवी का. सूर सौम्य. उत्तर नाही आलं आणि तुम्हालाच करायचं असेल तर बग ट्रॅकरच्या नियंत्रणाच्या ईमेल पत्त्यावर ‘रीटायटल’ आणि ‘ओनर’ या आज्ञा पाठवून बग आपल्या नावावर घेता येतो, पण आधी विचारल्याशिवाय नको.

पॅकेज अपलोड झालं असेल तर ते ‘न्यू’ रांगेत असू शकतं. डेबियनमध्ये पहिल्यांदा येणारं प्रत्येक सोर्स पॅकेज डेबियनची एक टीम हाताने तपासते आणि मुख्यतः कॉपीराइट फाइल खऱ्या सोर्सशी जुळते का ते पाहते. याला काही दिवस लागतील किंवा काही महिने. रांग सगळ्यांना दिसते, बगवर विचारून ती पुढे सरकत नाही.

रांगेतून सुटल्यावरचा एक नेहमीचा सापळा: पॅकेज अनस्टेबलमध्ये दिसतं, पण टेस्टिंगमध्ये जात नाही. मध्यम निकडीला साधारण ५ दिवस लागतात, त्याहून जास्त झाले तर ट्रॅकरवर कारण पाहा. ‘बिल्डडीवर बांधलेलं नाही’ असं असेल तर कारण सोपं आहे. न्यू रांगेसाठी बांधलेली फाइल सोबत द्यावी लागते, आणि टेस्टिंगला मात्र डेबियनच्या बिल्ड यंत्रांवर बांधलेलीच फाइल चालते. मेंटेनरने फक्त सोर्सचा आणखी एक अपलोड केला की काम होतं. नवे मेंटेनर हे विसरतात. बगवर एक ओळ टाकली तर तो खराच उपकार.

आणि फ्रीझ (नव्या आवृत्तीआधी बदल थांबवण्याचा काळ) विसरू नका. डेबियन १३ च्या वेळी १५ एप्रिल २०२५ ला सॉफ्ट फ्रीझ लागला, ९ ऑगस्टला आवृत्ती आली. मधल्या काळात टेस्टिंगला नवं पॅकेज मिळत नव्हतं. त्या दिवसांत ‘का येत नाही’ विचारण्यात हशील नसतं.

पाठपुरावा करताना

आठवणीचा संदेश दोन-तीन महिन्यांत एकदा, आणि तोही काही नवं सांगायला असेल तर: नवी आवृत्ती आली, एक डिपेंडन्सी आत आली, लायसन्स सुटलं. ‘प्लस वन’ लिहू नका. ‘लवकर करा’ असा दबाव तर अजिबात नको, आणि यामागे एक ताजी जखम आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार (बॅकडोअर) सापडलं. त्याआधी मूळ मेंटेनरवर अनोळखी खात्यांनी ‘दुसऱ्याला हक्क द्या’ असा दबाव आणला होता, आणि ५.६.१ घ्या अशी विनंती डेबियनच्या बग ट्रॅकरवरही आली होती. तेव्हापासून घाई करणारं नवखं खातं दिसलं की मेंटेनर सावध होतात, आणि ते योग्यच आहे.

तोवर काम कसं चालवायचं

फ्लॅटपॅक असेल तर ते. पायथनचा प्रोग्रॅम असेल तर ‘पिपएक्स’; ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ ही चूक येते म्हणून ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’चा पर्याय लावून रूट म्हणून पिप चालवू नका, प्रणालीची स्वतःची पायथन साधनं मोडतात. रस्टचं असेल तर ‘कार्गो इन्स्टॉल’ घरच्या डिरेक्टरीतच बसवतं. दुसऱ्या डिस्ट्रोचं पॅकेज हवंच असेल तर ‘डिस्ट्रोबॉक्स’मध्ये ती डिस्ट्रो उभी करा. सोर्समधून बांधताना प्रीफिक्स ‘/यूएसआर/लोकल’ किंवा घरची ‘.लोकल’ ठेवा, ‘/यूएसआर’मध्ये ‘मेक इन्स्टॉल’ केलं तर पुढे खरं पॅकेज आलं की फाइली एकमेकींवर चढतात. डेबियनमध्ये उबुंटूचा पीपीए (कुणीही चालवलेला वेगळा पॅकेज रेपो) घालणं हा शॉर्टकट पुढच्या अपग्रेडला हमखास नडतो.

एयूआर वापरत असाल तर पीकेजीबिल्ड (पॅकेज बांधायच्या कृतीची फाइल) वाचल्याशिवाय बांधू नका. जुलै २०२५ मध्ये फायरफॉक्स, लिब्रवुल्फ आणि झेन या ब्राउझरांच्या नावांशी मिळतीजुळती तीन पॅकेजं तिथे सापडली, ती बसवताना दूरून ताबा घेणारा मालवेअर उतरवत होती. वाचताना ‘सोर्स’ची ओळ आणि ‘.इन्स्टॉल’ फाइल या दोन जागा आधी पाहा: पत्ता मूळ प्रकल्पाचाच आहे का, आणि बसवल्यावर कोणती स्क्रिप्ट चालते.

मधल्या काळात गरज संपली, दुसरं साधन मिळालं किंवा मूळ प्रकल्प बंद पडला, तर आपली विनंती आपणच बंद करायची. डेबियनमध्ये बगचा नंबर, हायफन आणि ‘डन’ एवढं जोडलेल्या पत्त्यावर कारणाची एक ओळ पाठवली की पुरे.